मज्जातंतूची घडण : रस्ता, हमाल आणि ओढ

पायाच्या अंगठ्याला काही टोचले की डोळ्याचे पाते लवण्याच्या आत मेंदूला त्याची वर्दी पोहोचते. ही वर्दी नेणारा मज्जातंतू म्हणजे घरातील विजेच्या तारेसारखीच एक तार असावी, अशी बहुतेकांची समजूत असते. वर्दी नेण्यापुरती ही उपमा चालण्यासारखी आहे. परंतु विजेची तार कारखान्यातून तयार होऊन येते. ती आपली आपण वाढत नाही, तिच्या पोटातून अन्न आणि सामान जात नाही, आणि तुटली असता ती स्वतः पुढे सरकून आपले ठिकाण शोधीत नाही. मज्जातंतू ही सर्व कामे करतो, कारण तो जिवंत पेशीचाच एक भाग आहे. हा भाग इतका लांब, इतका बारीक आणि तरीही जन्मभर टिकणारा कसा होतो, हे प्रस्तुत लेखात समजावून घ्यावयाचे आहे. विषय सूक्ष्म आहे खरा. पण कुत्रा चावल्यावर करावयाचा उपाय, मधुमेही माणसाच्या पावलांना येणारा बधिरपणा, दुचाकीवर घालावयाचे हेल्मेट ह्या घरोघरच्या गोष्टींचा धागा ह्याच विषयाशी जाऊन मिळतो. म्हणून हा लेख केवळ विद्यार्थ्यांसाठी आहे असे न मानता सभासद कुटुंबांतील वडील मंडळींनीही तो वाचावा, अशी आमची विनंती आहे.

प्रारंभी नावांविषयी दोन शब्द. आजच्या शालेय पुस्तकांत चेतापेशी, चेतातंतू असे शब्द आढळतात. घरोघरी मात्र मज्जातंतू हाच शब्द रुळलेला आहे. म्हणून आम्ही मज्जापेशी आणि मज्जातंतू हेच शब्द वापरणार आहोत. मज्जापेशीला एक धड असते. त्या धडापासून एक लांबलचक शेपूट निघते, तिला अक्षतंतू म्हणतात. असे शेकडो किंवा हजारो अक्षतंतू एकत्र बांधले गेले म्हणजे शस्त्रक्रियेच्या वेळी डोळ्यांना दिसणारी पांढरी दोरी तयार होते.

अंतराचा प्रश्न

पायाच्या बोटांचे स्नायू हलविणाऱ्या मज्जापेशींची धडे कमरेच्या किंचित वर, पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत असतात. तेथून निघालेला अक्षतंतू मांडी, गुडघा आणि पोटरी ओलांडून पावलात पोहोचतो. प्रौढ माणसात ही लांबी सुमारे १ मीटर भरते. पेशीचे धड मात्र मिलिमीटरच्या विसाव्या हिश्श्याएवढे, आणि अक्षतंतूची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास असते. हे प्रमाण मनात ठसण्यासाठी धड सोललेल्या नारळाएवढे झाले अशी कल्पना करावी. मग अक्षतंतू अंगठ्याएवढा जाड आणि सुमारे २ किलोमीटर लांब होईल!

आता अडचण अशी की पेशीला लागणारी बहुतेक प्रथिने धडात तयार होतात. ती दूरच्या टोकाला पोहोचावयाची कशी? पाण्यात साखर आपोआप पसरते तशी ती पसरत जातील, असे कोणी म्हणेल. ह्याची परीक्षा घरीच पाहता येते. चायना ग्रासची जेली थाळीत घट्ट होऊ द्यावी आणि मधोमध शाईचा एक थेंब सोडावा. शाई पहिले काही मिलिमीटर बऱ्यापैकी लवकर पसरते. नंतर मात्र ती जणू थबकते. कारण अशा पसरण्याचा नियमच असा आहे की अंतर दसपट झाले तर वेळ शंभरपट लागतो. मध्यम आकाराचे एक प्रथिन पेशीच्या दाट रसात १० मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा हिस्सा, सुमारे ५ सेकंदांत ओलांडते असे धरले, तर त्याच हिशेबाने १ मिलिमीटरला १४ तास आणि १ मीटरला सुमारे १,६०० वर्षे लागतील. एवढे आयुष्य कोणाला लाभले आहे? तेव्हा माल नेणारी निराळी व्यवस्था असलीच पाहिजे.

अशी व्यवस्था आहे, हे पॉल वाइस आणि हेलन हिस्को ह्या संशोधकांनी अमेरिकेत १९४८ मध्ये दाखवून दिले. त्यांनी प्राण्याच्या मज्जातंतूभोवती एक घट्ट कडे बसविले. काही आठवड्यांनी पाहतात तो कड्याच्या धडाकडील बाजूला तंतू फुगलेला आणि पलीकडे रोडावलेला! पाटाच्या पाण्याला बांध घातल्यावर जे होते तेच येथे झाले होते. कडे काढताच साचलेला माल दिवसाला एक-दोन मिलिमीटर ह्या गतीने पुढे सरकू लागला. अक्षतंतूच्या पोटातून धडाकडून टोकाकडे सतत काही तरी वाहत असते, एवढे ह्या साध्या प्रयोगाने सिद्ध झाले. ते कशाच्या बळावर वाहते, हे कळण्यास मात्र आणखी सदतीस वर्षे जावी लागली.

रस्ता

पेशी म्हणजे रसाने भरलेली पिशवी, ही जुनी कल्पना आता मागे पडली आहे. पेशीच्या आत प्रथिनांच्या दोऱ्यांचा आणि नळ्यांचा एक सांगाडा असतो. आपल्या हाडांच्या सांगाड्याहून तो एका बाबतीत अगदी निराळा आहे. तो क्षणोक्षणी मोडला जातो आणि पुन्हा बांधला जातो. ह्या सांगाड्यात तीन प्रकारचे घटक आहेत. पहिल्या सूक्ष्मनलिका, दुसरी ॲक्टिनची सूत्रे आणि तिसरी मज्जासूत्रे.

सूक्ष्मनलिका ही पोकळ नळी असते. तिचा व्यास २५ नॅनोमीटर, म्हणजे अशा चाळीस हजार नळ्या शेजारी शेजारी मांडल्या तर १ मिलिमीटर भरेल. ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या विटा एकावर एक रचून ती तयार होते आणि बहुधा अशा १३ उभ्या ओळी मिळून एक नळी होते. सर्व विटा एकाच दिशेने तोंड करून बसत असल्यामुळे नळीची दोन्ही टोके सारखी नसतात. एका टोकाला नवी वीट चटकन बसते, त्यास धन टोक म्हणतात. दुसरे ते ऋण टोक. अक्षतंतूत जवळजवळ सर्व नळ्यांची धन टोके दूरच्या, म्हणजे बोटांकडील बाजूला वळलेली असतात. ही शिस्त फार महत्त्वाची आहे. एकेरी वाहतुकीच्या रस्त्यावर जसे बाण रंगविलेले असतात, तसेच हे बाण समजावे.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. धडापासून टोकापर्यंत एकच अखंड नळी जात नाही. प्रत्येक नळी लांबीने आखूड, बहुधा मिलिमीटरच्या काही हिश्श्यांएवढीच असते. काथ्याच्या दोरीत प्रत्येक धागा वीतभरही नसतो, पण एक संपण्याआधी दुसरा सुरू झालेला असतो, म्हणून दोरी विहिरीच्या तळाला पोहोचते. अक्षतंतूची रचना अशीच आहे. नळ्यांना धरून ठेवणारी निराळी प्रथिने असतात. त्यांपैकी १९७५ मध्ये सापडलेल्या टाऊ नावाच्या प्रथिनाची पुष्कळ चर्चा होते, कारण अल्झायमरच्या विस्मरणरोगात हेच प्रथिन नळ्यांवरून सुटून गाठी करून बसलेले आढळते.

हमाल

आता रस्ता झाला, माल वाहणारे कोण? १९८५ मध्ये अमेरिकेतील वुड्स होल येथील सागरी प्रयोगशाळेत रोनाल्ड व्हेल, थॉमस रीस आणि मायकेल शीट्झ ह्यांना ह्याचे उत्तर मिळाले. त्यांनी कामाला घेतला तो स्क्विड नावाचा समुद्रातील प्राणी. कोकणात व गोव्यात त्यास माणकी म्हणतात. ह्या प्राण्याचा एक अक्षतंतू इतका जाड असतो की तो नुसत्या डोळ्यांना दिसतो. त्याची जाडी १ मिलिमीटरपर्यंत भरते. त्यातील रस काढून काचेवर ठेवला तरी त्यातील बारीक गाठोडी सूक्ष्मनलिकांवरून पुढे सरकत राहतात, असे दिसून आले. त्यांना सरकविणारे प्रथिन वेगळे काढून त्यास काइनेसिन असे नाव देण्यात आले. ह्या कामासाठी व्हेल व शीट्झ ह्यांना जेम्स स्पुडिच ह्यांच्यासमवेत २०१२ चे लास्कर पारितोषिक मिळाले.

काइनेसिनचे रूप खरोखर हमालासारखे आहे. खाली दोन पाय, मध्ये लांब कंबर आणि वर ओझे धरणारा भाग. एक पाय नळीवर रोवलेला असता मागचा पाय पुढे येतो. पेशीचे इंधन म्हणजे एटीपी नावाचा रेणू. दर पावलाला त्याचा एक रेणू खर्ची पडतो आणि हमाल ८ नॅनोमीटर पुढे जातो. ८ नॅनोमीटर ही ट्युब्युलिनच्या एका विटेची लांबी होय. म्हणजे प्रत्येक पाऊल विटेवरच पडते. सेकंदाला शंभराच्या आसपास पावले तो टाकू शकतो. तरी १ मीटर जाण्यास साडेबारा कोटी पावले लागतात! एकटा हमाल सुमारे शंभर पावलांनंतर रस्त्यावरून सुटतो. म्हणून एका ओझ्याला अनेक हमाल लागलेले असतात. एकाचा पाय सुटला तरी दुसऱ्याचा रोवलेला असतो. अशा रीतीने जलद वाहतुकीतील माल दिवसाला ५० ते ४०० मिलिमीटर अंतर तोडतो. ज्या वाटेला नुसत्या पसरण्याने १,६०० वर्षे लागली असती, ती काही दिवसांत उरकते.

काइनेसिन जातीचे बहुतेक हमाल धन टोकाकडे, म्हणजे बाहेर जातात. परतीचा माल आणणारा हमाल निराळा, त्याचे नाव डायनीन. हे नाव इयन गिबन्स ह्यांनी १९६५ मध्ये दिले, पण ते सूक्ष्म प्राण्यांच्या अंगावरील लव हलविणाऱ्या प्रथिनाला. त्याचाच भाऊबंद पेशीच्या आत ओझी वाहतो, हे १९८७ च्या सुमारास स्पष्ट झाले. एकटा डायनीन काइनेसिनच्या मानाने दुबळा असतो. परंतु मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रूप मल्लिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये असे दाखविले की अनेक डायनीन एका ओझ्याला लागले म्हणजे ते भार आपसांत वाटून घेतात आणि मोठे बळ उत्पन्न करतात. काइनेसिनला असे संघटितपणे ओढणे तितकेसे जमत नाही. एकीचे बळ हा धडा येथेही आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

बेळगावची भाजी घाट उतरून गोव्याला जाते, आणि परतताना त्याच गाड्या रिकाम्या येत नाहीत. अक्षतंतूतही तसेच आहे. बाहेर जाताना शक्ती पुरविणारी तंतुकणिका, टोकाशी लागणाऱ्या रसायनांच्या पिशव्या, आवरणाचे तुकडे जातात. परत येताना झिजलेला माल आणि टोकाकडील बातमी येते. ही बातमी जीवनमरणाची असते. रीटा लेव्ही-माँटॅल्चिनी आणि स्टॅन्ली कोहेन ह्यांनी शोधलेल्या मज्जावर्धक घटकाला १९८६ चे नोबेल पारितोषिक लाभले. गर्भावस्थेत जो अक्षतंतू योग्य मुक्कामी पोहोचतो त्यास तेथे हा घटक मिळतो, आणि तो मिळाल्याची खबर डायनीन धडापर्यंत पोहोचवितो. ज्या पेशीला ही खबर येत नाही ती मरून जाते.

हमालच रस्ता बांधतात

येथवर आपण असे धरले की रस्ता आधी होता आणि हमाल नंतर आले. परंतु गेल्या काही दशकांतील शोधांचा मथितार्थ असा की अक्षतंतूला लांबी व आकार देण्याचे कामही हेच हमाल करतात.

कोवळी मज्जापेशी प्रथम वाटोळी असते. तिला पहिला फुटवा कसा येतो? शिकागो येथे व्लादिमीर गेल्फंड ह्यांच्या प्रयोगशाळेत फळमाशीच्या मज्जापेशींवर काम झाले. त्याचा वृत्तांत २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यावरून असे दिसले की काइनेसिन एका नळीवर उभा राहून दुसऱ्या नळीलाच ओझ्यासारखा ढकलतो. नळ्या एकमेकींवरून घसरतात आणि पेशीच्या आवरणाला आतून रेटा देतात. राहुटीत आतून काठी रेटली तर कापड जसे पुढे टोकदार होते, तसा फुटवा बाहेर येतो. पुढे आवरणाला धरून बसलेला डायनीन उलट्या तोंडाच्या नळ्यांना धडाकडे परत लोटतो. बाणांची जी शिस्त वर सांगितली, ती राखण्यात अशा रीतीने डायनीनचाही वाटा असतो.

फुटवा लांब होऊ लागला म्हणजे त्याच्या शेंड्याशी एक पसरट भाग दिसतो, त्यास वाढशंकू म्हणतात. स्पेनचे सान्तियागो रामोन ई काहाल ह्यांनी १८९० मध्ये कोंबडीच्या गर्भात त्याचे वर्णन केले. ते मृत, रंगविलेल्या पेशींवरून केलेले होते. जिवंत तंतू वाढताना प्रत्यक्ष पाहिला तो रॉस हॅरिसन ह्यांनी १९०७ मध्ये. बेडकाच्या गर्भातील मज्जापेशी त्यांनी लसिकेच्या लोंबत्या थेंबात जिवंत ठेवल्या होत्या. पेशी शरीराबाहेर वाढविण्याच्या आजच्या पद्धतीचा उगमही ह्याच प्रयोगात आहे.

वाढशंकूतून बारीक बोटे बाहेर येतात. ती ॲक्टिनच्या सूत्रांची असतात. सूत्राला पुढच्या टोकाशी नव्या विटा बसत राहतात आणि त्याच वेळी मायोसिन नावाचे चालक प्रथिन संपूर्ण सूत्र मागे खेचीत असते. हे तेच मायोसिन कुटुंब, ज्याच्या बळावर आपल्या दंडाचा स्नायू आखडतो. आता मागे खेचण्याने पुढे जाणे कसे होते? नदीतील नावाडी पाहावा. तो बांबू तळाला रोवतो आणि मागे रेटतो, तेव्हा नाव पुढे जाते. तळाशी नुसता चिखल असेल तर बांबू मागे घसरतो आणि नाव जागच्या जागी राहते. वाढशंकूची बोटे बाहेरच्या पृष्ठभागाला चिकटली तर मागील खेच पुढील गतीत बदलते. न चिकटली तर सूत्रे नुसती मागे वाहत राहतात. ज्या बाजूला पकड चांगली बसते त्या बाजूला शंकू वळतो, मागून सूक्ष्मनलिका त्या मोकळ्या जागेत शिरतात, आणि एवढा भाग पक्का अक्षतंतू होतो.

ओढ

परंतु ह्यापुढे एक कोडे उरते. गर्भात अक्षतंतू स्नायूला जाऊन मिळतो तेव्हा अंतर काही मिलिमीटरच असते. नंतर मूल वाढते, पाय लांब होतात. टोकाला आता वाढशंकू नाही. तंतू दोन्हीकडे बांधलेला आहे. मग तो एक मीटर लांब कसा होतो? उत्तर असे की वाढणारे हाड त्याला ओढते आणि ओढ हीच त्याला वाढीची आज्ञा ठरते. डेनिस ब्रे ह्यांनी १९८४ मध्ये कोंबडीच्या मज्जापेशीचा तंतू काचेच्या बारीक सुईने हळूहळू ओढला. तंतू ताणून रोडावला नाही. त्यात नवा माल भरत गेला आणि तो खराखुरा लांब झाला. २००२ मध्ये आणखी एक गोष्ट दिसून आली. मेंदूच्या कोवळ्या पेशीला आरंभी सारखेच दिसणारे अनेक फुटवे असतात आणि त्यांपैकी एकच अक्षतंतू होतो. त्यांतील एकाला सुईने ओढले तर बहुधा तोच अक्षतंतू बनतो!

ओढ हळू असेल तर वाढ होते. हिसका बसला तर मोडतोड होते. अपघातात डोके एकाएकी गरकन फिरते तेव्हा मेंदूतील अक्षतंतू क्षणार्धात ताणले जातात. अशा हिसक्यात सूक्ष्मनलिका जागोजाग तुटतात, वाहतूक तुंबते आणि तंतूवर मण्यांसारख्या फुगवट्या येतात. वाइस ह्यांच्या कड्यामागे जे झाले, तेच येथे डोक्यात होते. बाहेरून जखम नसतानाही माणूस बेशुद्ध का राहतो, ह्याचे एक कारण हे होय.

जाडी आणि मजबुती

लांबीप्रमाणे जाडीचाही हिशेब आहे. जाड तंतूतून वर्दी जलद जाते, म्हणून कोणत्या तंतूची जाडी किती असावी हे शरीराला ठरवावे लागते. जाड तंतूंत हे काम मुख्यतः मज्जासूत्रे करतात. ती १० नॅनोमीटर जाडीची, चिवट सूत्रे असून गादीत कापूस भरावा तशी तंतूत भरलेली असतात. जपानी लावा पक्ष्यांच्या एका वाणात जन्मतःच मज्जासूत्रे नसतात. त्यांचे अक्षतंतू बारीक राहतात आणि वर्दी मंद जाते. ही सूत्रे दिवसाला मिलिमीटर-दोन मिलिमीटरच सरकतात, म्हणून त्यांचे वाहन निराळे असावे असे पूर्वी वाटे. २००० साली असे दिसले की तीही जलदच धावतात, मात्र थोडे धावून फार वेळ थांबतात. प्रत्येक खेड्यात थांबणाऱ्या गाडीचा दिवसाचा सरासरी वेग कमी भरतो, तसाच हा प्रकार आहे.

तंतूच्या आवरणाखाली काय आहे, हे २०१३ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात झुआंग शियाओवेई ह्यांच्या गटाने अतिसूक्ष्म दर्शकाने पाहिले. तेथे ॲक्टिनची कडी एकापुढे एक, सुमारे १९० नॅनोमीटरच्या अंतराने बसविलेली आढळली. जणू लाकडी पिंपाच्या पट्ट्याच. दोन कड्यांच्या मध्ये स्पेक्ट्रिन नावाच्या लवचीक प्रथिनाचे दुवे असतात. स्पेक्ट्रिन नसलेल्या एका सूक्ष्म कृमीच्या वाणात नुसत्या वळवळण्याने अक्षतंतू तुटतात, आणि त्या कृमीला हालचाल करू न दिल्यास ते तुटत नाहीत, असे २००७ मध्येच दिसले होते. पुण्याची भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था आणि बेंगळूरची रामन संशोधन संस्था येथील संशोधकांनी २०२० मध्ये कोंबडीच्या मज्जापेशी ताणून असे दाखविले की ताण येताच स्पेक्ट्रिनच्या घड्या उलगडतात आणि धक्का सोसला जातो. आपण गुडघा वाकवितो, खांदा फिरवितो, तेव्हा आतील तंतू शाबूत राहतात ते ह्या घड्यांच्या आधारे. हे काम आपल्या जवळच्या दोन शहरांत झाले, ही विद्यार्थ्यांना हुरूप आणणारी गोष्ट आहे.

घरात उपयोगी पडणारे चार बोध

पहिला बोध तुटलेल्या मज्जातंतूविषयी. मनगटापाशी मज्जातंतू कापला गेला आणि शल्यवैद्याने तो उत्तम रीतीने जोडला, तरी जुन्या तंतूतून वर्दी लगेच सुरू होत नाही. टाक्यापलीकडील भाग मरतो आणि धडाकडून नवा वाढशंकू निघून मुक्कामापर्यंत चालत जावे लागते. त्याची गती दिवसाला सुमारे १ मिलिमीटर, म्हणजे सामान पुरविणाऱ्या मंद वाहतुकीएवढीच. मनगटापासून बोटाचे टोक १५ ते १८ सेंटिमीटर; म्हणजे पाच-सहा महिने हवेतच. दोन महिन्यांत गुण नाही म्हणून व्यायाम-उपचार सोडून देणे म्हणजे अर्ध्या वाटेवरून परत फिरणे होय. ह्या काळात बधिर बोटे भाजण्यापासून व कापण्यापासून जपावी आणि सांधे हलते ठेवावे.

दुसरा बोध कुत्र्याच्या दंशाविषयी, आणि आम्ही ह्यास सर्वांत अधिक महत्त्व देतो. पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेतील विषाणू जखमेतून मज्जातंतूच्या टोकात शिरतो आणि डायनीनच्या पाठीवर बसून परतीच्या वाटेने मेंदूकडे जातो. वाट लांब असल्यामुळे बहुधा काही आठवडे ते काही महिने मिळतात. हा मिळालेला अवधीच रोग्याचे प्राण वाचवितो. तो दवडला आणि लक्षणे दिसू लागली की मग उपाय जवळजवळ उरत नाही. म्हणून दंश होताच जखम वाहत्या पाण्याने व साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन लस सुरू करावी. जखम खोल असेल तर वैद्य सांगतील ते प्रतिविषाचे इंजेक्शनही जखमेत घ्यावे. लसीच्या सर्व मात्रा पुऱ्या कराव्या. तोंडाजवळ किंवा मानेवर चावा असेल तर वाट आखूड, म्हणून घाई अधिक. जखमेवर मिरची, चुना किंवा तेल लावू नये. घरात दुआ किंवा प्रार्थना अवश्य व्हावी. पण ताईत बांधून लस टाळणे हे श्रद्धेचे लक्षण नव्हे. उपाय उपलब्ध करून देणाऱ्याची ती कृतघ्नता होईल.

तिसरा बोध पावलांविषयी. मधुमेहात बधिरपणा प्रथम पायाच्या बोटांना येतो आणि मग वर चढतो. सर्वांत लांब तंतूंना रसद पुरविणे सर्वांत कठीण, आणि वाहतूक मंदावली की झळ प्रथम शेवटच्या गावाला लागते, हे त्याचे एक कारण मानले जाते. बारीक रक्तवाहिन्यांचा बिघाड हे दुसरे. काइनेसिनच्या एका प्रकारात जन्मतः दोष असला तर पायच प्रथम ताठरतात, हे २००२ मध्ये एका वंशागत रोगाच्या अभ्यासात आढळले. त्यावरूनही लांबीचे हे नाते दिसते. मधुमेही माणसाने रोज रात्री पावले तळव्यांसह पाहावी, अनवाणी चालू नये आणि काटा बोचला पण दुखले नाही तर आनंद न मानता वैद्यास दाखवावे.

चौथा बोध वनस्पतींविषयी. अंगणातील सदाफुलीपासून काढलेले व्हिन्क्रिस्टीन हे औषध मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर वापरतात. वेगाने वाढणाऱ्या पेशींच्या सूक्ष्मनलिका ते बांधू देत नाही, म्हणून त्या पेशी मरतात. पण मज्जातंतूचा रस्ताही त्याच विटांचा. म्हणून असे औषध घेणाऱ्यांच्या हातापायांना मुंग्या येतात. ही तक्रार लपवू नये, वैद्यास सांगावी. औषधाची मात्रा बदलता येते. आपल्या रानातील कळलावीच्या कंदात कोल्चिसिन असते, तेही ह्याच विटांवर घाव घालते. म्हणून ह्या दोन वनस्पतींचा घरगुती काढा कोणाच्याही सांगण्यावरून घेऊ नये. जे वैद्याच्या हाती औषध, तेच आपल्या हाती विष.

हेल्मेटविषयी निराळे सांगावयास नको. डोके आपटते तेव्हा धक्क्याचा जोर जितका कमी होईल तितकी मेंदूतील तंतूंची मोडतोड कमी. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली नीट आवळलेला असावा, एवढेच सांगतो. नुसते डोक्यावर ठेवलेले हेल्मेट डोक्याआधी रस्त्यावर पोहोचते.

एकंदरीत पाहता, मज्जातंतू ही एकदा बांधून विसरून जावयाची वस्तू नाही. रस्ता रोज दुरुस्त होतो, हमाल रात्रंदिवस चालतात, कड्या ताण सोसतात, आणि ह्या न थांबणाऱ्या श्रमामुळेच तो एका आकारात टिकून राहतो. पन्नास-पाऊणशे वर्षे टिकून राहणाऱ्या न्यासाची गोष्टही ह्याहून फार निराळी नसते. नाव दिसते ते इमारतीचे, पण ती उभी असते नजरेआड माल वाहणाऱ्यांच्या खांद्यावर. वाचकांपैकी कोणी विद्यार्थी हा विषय पुढे शिकावयास उद्युक्त झाला, किंवा एखाद्या घरात दंश झालेले मूल ताईताऐवजी प्रथम नळाखाली आणि मग रुग्णालयात नेले गेले, तर ह्या पानांचे चीज झाले असे आम्ही समजू.